वेंगुर्ल्याची जुनी घरे : चिरा, चुना आणि धुराडे

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदाच्या अंकासाठी आपल्या पूर्वजांच्या इतिहासावर चार शब्द लिहून देण्याची आम्हांस आज्ञा केली. ती मान्य करताना आम्हांस थोडा संकोच वाटला. आमच्या पूर्वजांपैकी कोणी गड सर केला होता किंवा कोणास इनामाची सनद मिळाली होती, असे निदान आमच्या घराण्यात तरी कोणी सांगितलेले आम्ही ऐकले नाही. पेढीवर, बंदरावर, शाळेत आणि मुंबईच्या गोदीत नोकऱ्या करणारी ती साधी माणसे. परंतु त्यांनी घरे बांधली, आणि ती त्यांच्यामागे तीन-तीन, चार-चार पिढ्या उभी राहिली. त्यांतील कित्येक घरे गेल्या तीस वर्षांत, आमच्या डोळ्यांदेखत आणि काही अंशी आमच्याच हातून, खचली. घर कसे उभे राहिले आणि कसे पडले हाही इतिहासच होय, अशी आमची समजूत असल्याने आम्ही तोच येथे सांगणार आहोत.

वेंगुर्ले हे बंदर जुने. गोव्याच्या पोर्तुगीजांना शह देण्यासाठी डच कंपनीने १६३७ साली येथे वखार घातली. तिचे भग्नावशेष आजही उभे आहेत, आणि शाळेत असताना आम्ही मुलांच्या सहली तेथे पुष्कळ वेळा नेल्या. मुले वटवाघळे पाहत असत, आम्ही भिंती पाहत असू. छप्पर जाऊन किती पावसाळे लोटले, तरी ज्या भागात झाडांच्या मुळ्या शिरल्या नव्हत्या त्या भागातील चिरे आपल्या जागा सोडून हलले नव्हते. पुढे १८१२ साली सावंतवाडीकरांकडून हे बंदर इंग्रजांकडे गेले. बेळगावच्या लष्कराचा माल येथे उतरू लागला, साहेबलोकांचे बंगले झाले आणि त्या वस्तीला ‘कॅम्प’ हे नाव चिकटले ते अद्याप कायम आहे. १८८८ च्या सुमारास मुरगावचा लोहमार्ग घाटावर पोहोचला, आणि जो व्यापार बैलगाड्यांनी वेंगुर्ल्यास येत होता तो आगगाडीने मुरगावास जाऊ लागला. गावचे बरेचसे तरुण आगबोटीने मुंबईस गेले. आपल्या ज्ञातीची जी मोठी घरे आज आपण ‘पिढीजात’ म्हणून दाखवितो, त्यांपैकी कित्येक या मुंबईच्या पैशावर उभी राहिलेली आहेत, हे लक्षात ठेवलेले बरे. आमच्या पणजोबांनी घर बांधले ते शके १८२६, म्हणजे १९०४ साली.

या घरांचा दगड तो जांभा. चिरेखाणीतून काढताना तो इतका मऊ असतो की कुऱ्हाडीने तासता येतो; हवा लागली म्हणजे टणक होतो. फ्रान्सिस ब्युकॅनन या इंग्रज सरकारच्या डॉक्टराने मलबारात फिरताना हा दगड पाहिला आणि विटेस लॅटिन भाषेत जो शब्द आहे त्यावरून १८०७ साली त्यास ‘लॅटराइट’ असे नाव दिले. त्याचा तांबडा रंग लोहाचा. त्यात बारीक-मोठी छिद्रे असतात, त्यामुळे तो पाणी पितो. ही गोष्ट जुन्या लोकांना पुस्तकावाचून ठाऊक होती. ते ताजा चिरा लगेच भिंतीत घालीत नसत. खळ्यात रचून त्यास ऊन-पाऊस खाऊ देत, आणि त्यातून जो फुटेल तो गडग्याला व जो टिकेल तो घराला, अशी निवड करीत.

पाणी पिणाऱ्या दगडाचे घर, वर्षास अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि बारमाही खारा वारा! अशा ठिकाणी ते शतकभर टिकावे कसे? आमच्या मते याचे उत्तर दगडात नाही, दगडादगडांमधील सांध्यात आहे. या सांध्याला गवंडी ‘दर्जा’ म्हणतात. तो दर्जा चुन्याने भरलेला असे.

आमच्याकडचा चुना शिंपल्यांचा. खाडीतील तिसऱ्या आणि कालवे यांची कवचे गोळा करून भट्टीत भाजीत. सुमारे ९०० अंश उष्णता लागली की शिंपल्यातील कर्बवायू उडून जातो आणि कळीचा चुना उरतो. शुद्ध शिंपला १०० किलो घेतला तर कळी ५६ किलोच्या आसपास भरते, एवढे वजन वायूचे असते. त्या कळीवर पाणी ओतले की ती चरचरून उकळते व फुटून तिचे लोणी होते. भिंतीत घातलेला हा चुना हवेतून तोच कर्बवायू पुन्हा हळूहळू ओढून घेतो आणि वर्षानुवर्षे मुरत मुरत फिरून शिंपल्याच्याच जातीचा दगड बनतो. शाळेत हा भाग शिकविताना आम्ही फळ्यावर एक वर्तुळ काढीत असू. मात्र ज्या घरात आम्ही राहत होतो त्याच्याच भिंतीत ते वर्तुळ चालू आहे, हे मुलांना सांगण्याचे आम्हांस कधी सुचले नाही. असो.

नुसता चुना ओल्या जागी लवकर आवळत नाही, म्हणून त्यात भाजलेल्या विटांची पूड, म्हणजे सुरकी, मिसळीत. गुळाचे पाणी आणि बेलफळाचा गर घालण्याचीही चाल होती. दगडी चाकाच्या घाणीत बैल फिरवून तो मळीत. असा चुना सिमेंटाहून पुष्कळ मऊ असतो, आणि हा मऊपणा हाच त्याचा गुण. भिंत थोडी बसली तर तो तडकत नाही, दबतो. बारीक भेग पडली तर पावसाच्या पाण्यात चुन्याचा अंश विरघळून भेगेत पुन्हा साकळतो. भिंतीत शिरलेले पाणी चिऱ्यातून न जाता सांध्यातून बाहेर पडते, आणि त्याबरोबर आलेले मीठही सांध्यावरच फुलते. दहा-पंधरा वर्षांनी सांधा झिजतो. तो खरवडून नवा भरावा, चिरा जसाच्या तसा. ज्या मिठासाठी १९३० साली आमच्या शेजारच्या शिरोड्यास सत्याग्रह झाला, तेच मीठ खाऱ्या वाऱ्याने रोज आमच्या भिंतींवर येऊन बसत असते, आणि त्यास वाट द्यावयाची असते ही गोष्ट त्या गवंड्यांनी पक्की ओळखली होती.

आता धुराड्याविषयी. आमच्या बाजूच्या बहुतेक घरांना धुराडे नसे. स्वयंपाकघराचा धूर कौलांच्या फटींतून निघून जाई. जुनी कौले नळ्यांची, कुंभाराने चाकावर घडविलेली. १८६५ साली बाझेल मिशनने मंगळुरास कौलांचा कारखाना काढला आणि चपटी, एकमेकांत बसणारी मंगलोरी कौले किनाऱ्याने गलबतांतून सर्वत्र जाऊ लागली. ही कौले घट्ट बसतात; पाणी आत येत नाही हे खरे, पण धूरही पूर्वीसारखा सहज बाहेर जात नाही. आमच्या पणजोबांनी घरावर मंगलोरी कौले घातली आणि कॅम्पातील बंगल्यांवर पाहिलेले धुराडे आपल्या स्वयंपाकघरासही असावे असा हट्ट धरला. लोक हसले असावेत. ज्या गावची निम्मी माणसे मुंबईच्या गिरण्यांची धुराडी पाहून आलेली, तेथे घरावर विटांचे धुराडे म्हणजे ‘गिरणी’च! आमच्या घरास आमच्या लहानपणापर्यंत काही म्हातारी माणसे ‘गिरणीवाल्यांचे घर’ म्हणत असत.

धुराड्याचे काम वाटते तितके सोपे नाही. उष्ण हवा हलकी होऊन वर चढते आणि तिच्या जागी खालची हवा ओढली जाते, हे खरे. पण ओढ धरण्यास उंची लागते. तोंड आढ्याच्या वर निदान दोन हात तरी न्यावे लागते. नाहीतर आढ्यावरून घसरणारा वारा धूर उलट चुलीवर लोटतो. चुलीच्या वर जेथे धुराडे अरुंद होते तो त्याचा घसा. तो फार रुंद ठेवला तर ओढ मरते, फार अरुंद केला तर काजळीने बुजतो. लाकडाच्या धुरात पाण्याची वाफ आणि डांबरासारखा चीक असतो, तो वरच्या गार भागात विटांवर साकळून सांधे खातो. शिवाय धुराडे म्हणजे चारी बाजूंनी वारा-पाऊस खाणारी घरातील एकमेव भिंत. तेव्हा सगळ्या घरात दुरुस्ती आधी कोठे लागत असेल तर येथेच.

दरवर्षी आगोटीच्या कामांत, कौले परतण्याआधी, धुराड्याची साफसफाई होई. करवंदीच्या काट्यांची जुडी दोरीच्या मध्यावर बांधीत. एक माणूस कौलावर, एक चुलीपाशी, आणि दोघे दोरी खाली-वर ओढीत. खालच्या माणसाचे तोंड काळे होई. ते काम धाकट्याकडे असे, म्हणजे आमच्याकडे. नंतर गवंडी वर चढून माथ्यावरचे चार थर बोटाने चाचपून पाही, सुटलेला दर्जा भरी आणि जेथे कौल धुराड्याला भिडते तेथील पत्रा वरून सांध्यात नीट दडविलेला आहे की नाही ते बघे. पावसाचे पाणी घरात येते ते बहुधा याच जागेतून. सारे काम दीड दिवसाचे.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आम्ही सात वर्षांचे होतो. घर हलल्याची आठवण आम्हांस आहे. स्वयंपाकघराच्या भिंतीला छपरापासून खिडकीपर्यंत तडा गेला. गवंड्याने तो चुन्याने भरला. पुढे पुष्कळ वर्षांनी आम्ही तो तडा शोधू लागलो तर जागा सापडली नाही.

हे गवंडी कोण? आमच्याकडे पणजोबांच्या हातची मोडी लिपीतील खर्चाची वही आहे. आम्ही निवृत्तीनंतर मोडी वाचावयास शिकलो ते मुख्यतः तिच्यासाठी. तिच्यात शिंपल्याचा चुना, गूळ, सुरकी, मंगळूरची कौले, गलबताची हशील, वास्तुशांतीस आलेल्या भटजींची नावे व दक्षिणा, जेवणावळीस आलेल्या ज्ञातिबांधवांची नावे, सर्व काही आहे. बैल कोणाचा आणला होता तेही आहे. गवंड्यांविषयी मात्र सबंध वहीत इतकेच लिहिलेले आढळते : ‘गवंडी असामी दोन’, ‘गवंडी असामी तीन’. एकाचेही नाव नाही. या स्मरणिकेत दरवर्षी आपण देणगीदारांची यादी छापतो आणि ती योग्यच आहे. पण ती वही वाचल्यापासून आम्हांस स्वतःच्या घराची प्रशंसा ऐकताना मनात खटकल्यावाचून राहत नाही.

आता आमची चूक सांगितली पाहिजे. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि मुंबईचे बंधू वरचेवर गावी येऊ लागले. घर ‘नीट’ करावे असे सर्वांच्या मनात आले. आम्ही भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढले आणि बाहेरून सर्व भिंतींना सिमेंटचा गिलावा करवून घेतला, धुराड्यालासुद्धा. स्वयंपाकघरात गॅस आला होता, म्हणून खालचे तोंड विटांनी चिणले आणि वर सिमेंटची लादी ठोकून धुराडे बंद केले. आमच्या नेहमीच्या वृद्ध गवंड्याने हे काम घेण्याचे नाकारले. तो खळ्यात उभा राहून एवढेच म्हणाला, “मास्तरांनू, भितीचो जीव गुदमरतलो.” आम्ही त्याचे म्हणणे जुन्या माणसाचे खूळ समजलो आणि शहरातून एक ठेकेदार आणविला. तीन आठवड्यांत घर गुळगुळीत व करड्या रंगाचे झाले. आम्ही त्याचे छायाचित्र काढून बंधूंस पाठविले होते.

सिमेंट वाईट असे आमचे म्हणणे मुळीच नाही. जोसेफ ॲस्पडिन याने १८२४ साली इंग्लंडात त्याचे स्वामित्वपत्र घेतले आणि १९१४ साली आपल्याकडे पोरबंदरास त्याचा कारखाना सुरू झाला. त्यावाचून धरणे आणि पूल झाले नसते. पण ते कठीण आहे, आणि पाण्याच्या वाफेला सहज वाट देत नाही. मऊ, छिद्रांच्या दगडावर त्याचे कवच चढविले म्हणजे पाणी जोत्यातून वर चढते, केसाएवढ्या भेगांतून आत शिरते, पण बाहेर पडू शकत नाही. मग ते आतल्या बाजूने निघू पाहते. चार-पाच वर्षांत आमच्या माजघराच्या भिंतींस कमरेपर्यंत लोणा लागला. दर दिवाळीस रंग द्यावा आणि पुढच्या आगोटीस त्याचे पापुद्रे केरसुणीने लोटावे, असे चालले. बाहेरून गिलावा शाबूत होता. त्यावर बोटाने ठोकले तर पोकळ आवाज येई. आत मीठ सांध्याऐवजी चिऱ्यातच फुलत होते आणि चिऱ्याचे पीठ होत होते.

आणखी एक गोष्ट आमच्या कल्पनेतही आली नव्हती. धुराडे असले तरी चुलीचा थोडा धूर स्वयंपाकघराच्या माळ्यावर घुटमळत असे. त्या धुराने आमसुले वाळत, आणि वासे काळे तुळतुळीत होऊन त्यांस भुंगा लागत नसे. धूर बंद झाला आणि आठव्या-नवव्या वर्षी वाशांखाली पिवळा भुसा पडलेला दिसू लागला. बायकामाणसांचे डोळे आणि छाती धुरातून सुटली, याबद्दल आम्हांस आनंदच आहे. आमच्या मातोश्रींचा खोकला आम्ही विसरलेलो नाही. परंतु धूर काढून घेतल्यावर त्याच्या जागी तेल, औषध आणि वारा द्यावयास हवा होता, तो आम्ही दिला नाही.

धुराडे तर दोन्ही तोंडांनी बंद. आत जुनी काजळी, तीत लादीच्या भेगेतून उतरणारे पाणी, आणि हवा खेळावयास वाव नाही. वापरात नसलेल्या धुराड्यासही खाली एक झरोका आणि वर टोपीखाली मोकळी जागा ठेवावी लागते, हे आम्हांस तेव्हा कोणी सांगितले नाही. किंबहुना ज्याने सांगितले असते त्यालाच आम्ही परत पाठविले होते.

१६ मे २०२१, रविवार. तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून उत्तरेकडे गेले. पहाटेपासून वारा सुटला होता, वीज नव्हती, आणि करोनाच्या निर्बंधांमुळे मुंबईहून कोणी येण्याची शक्यता नव्हती. घरात आम्ही, आमची पत्नी आणि थोरल्या वहिनी. वहिनी स्वयंपाकघरात पेज ठेवीत होत्या. मांजर ओटीवर का ओरडते ते पाहण्यास त्या बाहेर आल्या. इतक्यात धुराडे कौलांसकट आत कोसळले. शेगडी जेथे होती तेथे विटांचा ढीग झाला. गॅसची टाकी बाहेर पडवीत होती म्हणून पुढचा अनर्थ टळला. वहिनींनी त्या दिवशी आम्हांस एक शब्दही विचारला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी विचारले, “भावोजी, त्या म्हाताऱ्याने नको म्हटले होते ना?” आम्हांस उत्तर देता आले नाही.

ढिगारा उपसताना जे दिसले ते सांगण्यासारखे आहे. धुराड्याचा वरचा भाग सिमेंटच्या कवचासह एकसंध पडला होता. कवच शाबूत, आणि आतल्या विटा हाताने चुरडत होत्या. खालचा भाग, जेथे सिमेंट पोहोचले नव्हते, तो १९०४ च्या चुन्यात जसाच्या तसा उभा होता. त्यातील विटा थापीच्या टोकाने अलगद सुटल्या आणि पुन्हा वापरता आल्या. सिमेंट लागलेल्या विटांपैकी एकही अभंग सुटली नाही.

तो वृद्ध गवंडी तोपर्यंत निवर्तला होता. त्याच्या मुलाकडे आम्ही स्वतः गेलो. तो इतर ठिकाणी सिमेंटचीच कामे करतो, कारण चुन्याची कोणी सांगत नाही. पण लहानपणी बापाच्या हाताखाली त्याने चुना भिजविला होता. आमच्या बाजूस शिंपल्यांची भट्टी आता दिसत नाही, म्हणून कळीचा चुना बाहेरून आणविला. खळ्याच्या कोपऱ्यात खड्डा खणून तो पाण्याखाली मुरत ठेवला. पावसाळा संपल्यावर भिंतींवरचा सिमेंटचा गिलावा छिन्नीने काढला, आणि गवंड्याने पुढचे सहा महिने भिंतीस हात लावू दिला नाही. “आधी सुकानदेत,” एवढेच. या सहा महिन्यांत शेजाऱ्यांनी आम्हांस किती वेळा ‘काम थांबले काय, पैसे संपले काय’ असे विचारले याची गणती नाही. मग कुजलेले चिरे एकेक करून बदलले, सांधे बोटभर खोल खरवडले, पाणी मारून भिजविले आणि चुना-सुरकीने भरले. भरलेल्या दर्ज्यावर ओली गोणपाटे टांगली. चुना उन्हात घाईने वाळला तर त्याची माती होते. धुराडे जुन्या विटांत पुन्हा उभारले, पूर्वीपेक्षा चार थर कमी. माथ्यावर चार खुंट्यांवर उचललेली कौलाची टोपी, आणि खाली जाळीचा झरोका. त्यातून आता रोज धूर जात नाही. पण गणपतीत मोदकांसाठी वहिनी चूल पेटवितात, आणि तेव्हा ओढ चांगली धरते.

एकूण खर्च १९९८ च्या खर्चाहून जास्त झाला, हे लपविण्यात अर्थ नाही. लोणा अजून पुरता गेलेला नाही. उत्तरेकडच्या खोलीत तो दरवर्षी थोडा फुलतो व आम्ही तो कोरड्या केरसुणीने झाडून काढतो. गवंड्याच्या मते तो निघावयास आणखी तीन-चार वर्षे लागतील. पणजोबांच्या वहीत शेवटची काही पाने कोरी होती. त्यांवर आम्ही या दुरुस्तीचा हिशेब लिहिला आहे, बाळबोधीत, आणि त्यात गवंड्याचे, त्याच्या बापाचे व हाताखालच्या दोन्ही माणसांचे नाव घातले आहे.

खड्ड्यातील चुना निम्म्याहून अधिक शिल्लक आहे. पाण्याखाली ठेवला तर तो नासत नाही, उलट जितका मुरेल तितका उतरतो. ज्ञातिबांधवांपैकी ज्यांची वेंगुर्ल्यास जुनी घरे आहेत आणि ज्यांस धुराड्याचे वा भिंतीचे काम काढावयाचे आहे, त्यांनी दसऱ्यानंतर, पाऊस पुरता उघडल्यावर यावे. गवंड्याचे घर आम्ही दाखवू, आणि चुना घेऊन जाण्यासाठी भांडे मात्र स्वतःचे आणावे.